गेमिंग संगणकाच्या प्रोसेसरचे तापमान आणि व्होल्टेज : पहिल्यांदा हात घालणाऱ्यांसाठी

नवतप्याच्या दिवसांत नागपूरकडच्या घरांत दुपारी खोलीचे तापमान सहज ३८ अंशांच्या वर जाते. अशा खोलीत गेमिंग संगणक सुरू केला, की प्रोसेसरचा आकडा ८०, ८५, ९० असा चढू लागतो आणि ज्याने नुकताच संगणक जुळवून घेतला आहे त्याचा जीव खालीवर होतो. मग घाईघाईने प्रोसेसरसाठी नवा, महाग कूलर मागवला जातो किंवा कुठलासा व्हिडिओ पाहून बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, व्होल्टेजचा आकडा हाताने भरला जातो. यांतली दुसरी घाई अधिक वाईट आहे, आणि ती कुणी करू नये म्हणूनच हे सविस्तर लिहीत आहे.

आजचा प्रोसेसर उष्णतेपासून स्वतःला सांभाळतो. ठरवून दिलेली मर्यादा आली, की तो आपला वेग उतरवतो आणि त्याउपरही तापला तर संगणक बंद होतो. हाताने दिलेल्या जादा व्होल्टेजपासून मात्र तो स्वतःला तसे वाचवू शकत नाही. ते नुकसान आतल्या आत, आठवड्यांनी किंवा महिन्यांनी होते आणि आधी कसलीही सूचना मिळत नाही. म्हणून कामाचा क्रम असा ठेवावा : आधी मोजमाप, मग कॅबिनेटमधली हवा आणि हीटसिंकची (प्रोसेसरवर बसवलेल्या, उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याची) बैठक, त्यानंतर वीजमर्यादा आणि सर्वांत शेवटी, तेही फक्त खालच्या दिशेने, व्होल्टेज.

उदाहरणासाठी मी माझ्याच संगणकातला एएमडी कंपनीचा रायझन ७ ५८००एक्स घेतो. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेला हा आठ कोअरचा, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणाऱ्या आठ भागांचा, प्रोसेसर. त्याच्या माहितीपत्रकात १०५ वॅट असे लिहिलेले असते, पण प्रत्यक्षात त्याला १४२ वॅटपर्यंत वीज घेण्याची मुभा आहे आणि त्याची तापमानाची मर्यादा ९० अंश सेल्सिअस आहे. त्याचे आठही कोअर सुमारे ८१ चौरस मिलिमीटरच्या, म्हणजे जेमतेम करंगळीच्या नखाएवढ्या एकाच तुकड्यावर आहेत. एवढ्याशा जागेतून एवढी उष्णता बाहेर काढायची असल्यामुळे तो तापट म्हणूनच ओळखला जातो आणि शिकण्यासाठी तोच चांगला. तुमचा प्रोसेसर दुसरा असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावरून त्याची कमाल तापमानमर्यादा आधी पाहून घ्या, कारण ती सर्वांची सारखी नसते : रायझन ५ ७६००एक्सची ९५ अंश आहे, रायझन ७ ७८००एक्स३डीची ८९ अंश आणि इंटेलच्या कोअर आय५-१२४००एफची १०० अंश.

व्होल्टेज म्हणजे नेमके कोणते

नवीन माणसाचा पहिला गोंधळ इथे होतो. घरात येणारी वीज २३० व्होल्टची. ती कमीजास्त होते म्हणून आपण स्टॅबिलायझर लावतो. पण प्रोसेसरला मिळणाऱ्या व्होल्टेजशी स्टॅबिलायझरचा थेट संबंध नाही. कॅबिनेटमधला एसएमपीएस २३० व्होल्टचे १२ व्होल्ट करतो आणि प्रोसेसरच्या सॉकेटभोवती मदरबोर्डवर जे चौकोनी करडे ठोकळे दिसतात, तो भाग त्या १२ व्होल्टचे एक ते दीड व्होल्टच्या दरम्यानचे व्होल्टेज तयार करतो. प्रोसेसर क्षणोक्षणी 'मला आता एवढे दे' अशी मागणी करतो आणि मदरबोर्ड ती पुरवतो. हेच कोअर व्होल्टेज. व्होल्टेज इतके कमी असल्यामुळे प्रवाह मात्र प्रचंड असतो : १.२५ व्होल्टवर ११० वॅट म्हणजे ८८ अँपिअर. घरातला दोन किलोवॅटचा गीझर नऊ अँपिअरसुद्धा घेत नाही, यावरून कल्पना यावी.

तापमान आणि व्होल्टेज हे दोन वेगळे विषय नाहीत, हे समजायला एकच नियम पुरेसा आहे. वारंवारता, म्हणजे प्रोसेसरचा वेग, तीच ठेवली तर प्रोसेसरच्या कामात खर्च होणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. १.३५ व्होल्टवरून १.२५ व्होल्टवर आलो, तर व्होल्टेज सात-साडेसात टक्क्यांनीच उतरते, पण ही वीज सुमारे १४ टक्क्यांनी कमी होते. तेवढीच उष्णता कमी, तेवढाच पंख्याचा आवाज कमी.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. ५८००एक्सवर हलके काम चालू असताना कोअर व्होल्टेज १.४५च्या आसपास दिसले तरी दचकू नये. एकच कोअर क्षणभर पूर्ण वेगाने पळतो तेव्हा प्रोसेसर तेवढे मागतो. त्या वेळी प्रवाह थोडा असल्याने ते त्याच्या पचनी पडते. तोच आकडा आठही कोअर दमून काम करत असताना कायमचा बांधून दिला तर मात्र घातक ठरतो. म्हणूनच बायोसमध्ये कोअर व्होल्टेज 'मॅन्युअल' करून ठरावीक आकडा टाकण्याचा सल्ला कुणीही दिला तरी तो मानू नये.

आधी मोजा

एचडब्ल्यूइन्फो हा मोफत प्रोग्रॅम उतरवून घ्या आणि सुरू करताना फक्त सेन्सर दाखवण्याचा पर्याय निवडा. समोर शेकडो ओळी येतील. त्यांतल्या चारच पाहायच्या : टीसीटीएल/टीडाय नावाचे तापमान, सीपीयू पीपीटी म्हणजे प्रोसेसर घेत असलेली वीज, एसव्हीआय२ टीएफएन असे लिहिलेले कोअर व्होल्टेज आणि थर्मल थ्रॉटलिंग. शेवटच्या ओळीत 'नो' असेल तर प्रोसेसरने उष्णतेमुळे वेग उतरवलेला नाही. एका वेळी असा एकच प्रोग्रॅम चालू ठेवा. दोन-तीन एकदम चालवले तर ते एकाच सेन्सरसाठी भांडतात आणि आकडे भलतेच दिसतात.

मग प्रोसेसरला पूर्ण राबवून शेवटी गुण देणाऱ्या सिनेबेंच आर२३ या प्रोग्रॅमची दहा मिनिटांची चाचणी लावा. ती सुरू करण्यापूर्वी खोलीत, कॅबिनेटच्या पुढच्या जाळीपाशी साधा थर्मामीटर ठेवून तो आकडा वहीत लिहा. बहुतेक जण नेमके हेच विसरतात आणि मग डिसेंबरमधले ७० अंश आणि मेमधले ८५ अंश पाहून 'संगणक बिघडला' असे ठरवतात. खोलीचे तापमान पंधरा अंशांनी वाढले तर प्रोसेसरचेही जवळजवळ तेवढेच वाढणार, त्यात बिघाड काही नाही. हवेवर किंवा पाण्यावर चालणारा कुठलाही कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. तुलना करायची ती दोहोंमधल्या फरकाची : प्रोसेसर ८४, खोली ३४, फरक ५०. हा फरक महिनोन्महिने तसाच राहिला तर सर्व ठीक आहे. तो हळूहळू वाढत असेल तर धूळ साचते आहे किंवा प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली, उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळली आहे.

ब्राउझर उघडताच तापमान ४२वरून एकदम ६० होऊन परत खाली येते, हेही या प्रोसेसरमध्ये नेहमीचे आहे, कारण दाखवला जाणारा आकडा सर्वांत तापलेल्या जागेचा असतो. त्यापायी पंखा सारखा गुरगुरत असेल तर बायोसमधल्या पंख्याच्या पानावर वेग वाढवण्याआधी काही सेकंद थांबण्याची सोय असते, ती वापरा. ६० अंशांपर्यंत संथ, ७५ला सत्तर टक्के आणि ८५ला पूर्ण वेग, अशी चढण माझ्याकडे वर्षभर नीट चालते.

हवा

चाचणी चालू असताना कॅबिनेटची बाजूची काच काढून ठेवा आणि पाच मिनिटे थांबा. तापमान पाच-सहा अंशांनी उतरले तर दोष कॅबिनेटमधल्या हवेचा आहे. फारसा फरक पडला नाही तर तो हीटसिंक, पेस्ट किंवा विजेचा आहे. कसलाही खर्च नसलेली ही परीक्षा कूलर विकत घेण्यापूर्वी प्रत्येकाने करावी, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. नवा कूलर बसवूनही तापमान न उतरल्याची पुष्कळ उदाहरणे समोरच्या बंद काचेपाशी येऊन थांबतात.

पंख्याच्या ज्या बाजूला आडवे दांडे असतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. पुढचे पंखे हवा आत घेणारे आणि मागचा व वरचा बाहेर टाकणारा, एवढी मांडणी पुरे. कॅबिनेट भिंतीला किंवा टेबलाच्या बंद कप्प्यात टेकवून ठेवू नये. गेम खेळताना ग्राफिक्स कार्डाची गरम हवा प्रोसेसरच्या कूलरकडेच चढते, त्यामुळे या मांडणीचा फायदा सिनेबेंचपेक्षा खेळताना अधिक दिसतो.

आमच्याकडे कूलर म्हटले की वाळ्याच्या ताट्यांचा, पाण्याचा कूलर डोळ्यांसमोर येतो आणि पुष्कळांना वाटते की संगणक त्याच्या झोतात ठेवला की काम झाले. तसे करू नये. त्या झोताबरोबर दमट हवा आणि पाण्याचे बारीक तुषार येतात. पाणी उडून जाते, पण त्यातले क्षार मदरबोर्डवर आणि पंख्यांवर पांढरट थर धरून बसतात आणि धूळ त्याला चिकटते. खोली कूलरने गार होऊ द्या, कॅबिनेट झोताच्या बाहेर ठेवा.

धूळ काढताना संगणक बंद करून तार भिंतीतून काढावी आणि कॅबिनेट गच्चीत किंवा व्हरांड्यात न्यावे. ब्लोअरने फुंकताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, कारण तो जोरात फिरू दिला तर बेअरिंग खराब होते. घरातला व्हॅक्यूम क्लीनर आत फिरवू नये. त्याच्या नळीवर स्थिर वीज साचते.

हीटसिंकची बैठक

पेस्ट बदलायची वेळ आली तर माझ्या प्रोसेसरच्या एएम४ या सॉकेटबाबत एक धोका आधी माहीत हवा. अकोल्याहून भाच्याचा फोन आला होता. "मामा, हीटसिंक उचलला तर प्रोसेसरच त्याला चिकटून वर आला," एवढेच तो कसाबसा बोलला. एएम४ सॉकेटमध्ये प्रोसेसरला वरून दाबून धरणारी चौकट नसते. खाली १,३३१ बारीक पिना असतात आणि बाजूची तरफ त्या फक्त चिमटीत धरते. पेस्ट जुनी होऊन घट्ट झाली आणि हीटसिंक सरळ वर ओढला, की तरफ बंद असतानाच प्रोसेसर उपटून येतो. भाच्याच्या प्रोसेसरच्या कडेच्या चार पिना वाकल्या होत्या. तो येथे आल्यावर पेन्सिलीची शिसकांडी काढून घेतलेल्या मेकॅनिकल पेन्सिलीचे टोक एकेका पिनेवर बसवून, भिंगातून पाहत, आम्ही त्या तासाभरात सरळ केल्या. प्रोसेसर चालला, पण तो तास मी विसरलेलो नाही.

यासाठी आधी दहा-पंधरा मिनिटे सिनेबेंच चालवून पेस्ट ऊन करावी, मग संगणक बंद करून, तार काढून, स्क्रू समोरासमोरच्या जोडीने थोडेथोडे सैल करावेत. त्यानंतर हीटसिंक जागच्या जागी डावीकडे-उजवीकडे हलकेच पिळावा. तो सुटल्याचे हाताला कळते. मगच उचलावा. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या मऊ कापडाने पुसावी, कोरडी होऊ द्यावी आणि मधोमध वाटाण्याएवढा थेंब ठेवून हीटसिंक बसवावा. स्क्रू पुन्हा समोरासमोरच आवळावेत. नव्या हीटसिंकच्या तळाला पारदर्शक प्लास्टिकचा पापुद्रा असतो, तो काढलाच पाहिजे. नव्या संगणकाचे तापमान पहिल्याच दिवशी ९०ला भिडत असेल तर सर्वांत आधी हाच पापुद्रा आठवावा.

वीजमर्यादा

इथपर्यंत सगळे नीट असूनही उन्हाळ्यात तापमान मर्यादेला टेकत असेल तर प्रोसेसरला मिळणारी वीज थोडी आवळावी. व्होल्टेजला हात न लावता करता येणारा हा सर्वांत सुरक्षित बदल आहे. बायोसमध्ये प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह या विभागात जाऊन मर्यादा 'मॅन्युअल' कराव्यात. तीन आकडे विचारले जातात : पीपीटी ही वॅटमधली मर्यादा, टीडीसी आणि ईडीसी या अँपिअरमधल्या. ५८००एक्सचे मूळ आकडे अनुक्रमे १४२, ९५ आणि १४० आहेत. मी पहिला ११० केला आणि उरलेले दोन मूळचेच ठेवले. काही मदरबोर्डांवर पहिला आकडा मिलिवॅटमध्ये मागितला जातो. तिथे ११०००० लिहावे लागते, म्हणून एकक पाहून घ्यावे. हा विभाग उघडताना हमीविषयीची सूचना येते, ती वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

खोली ३६ अंशांवर असताना माझ्याकडे आधी सिनेबेंचमध्ये तापमान थेट ९०ला जाऊन बसत होते आणि प्रोसेसर वेग उतरवत होता. ११० वॅटवर ते ८१ला थांबले. सिनेबेंचचे गुण किंचित उतरले; गेममध्ये तर फरक जाणवलाच नाही, कारण बहुतेक खेळ आठही कोअर एकदम राबवत नाहीत. त्यातच, मॉनिटर १४४ हर्ट्झचा असेल तर गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेमची मर्यादा १४४ करावी. पडद्यावर न दिसणाऱ्या फ्रेम काढण्यात प्रोसेसर उगाच तापत नाही.

इंटेलच्या संगणकात याच कामाचे दोन आकडे असतात, पीएल१ आणि पीएल२. अनेक मदरबोर्ड तिथे ४०९६ वॅट, म्हणजे मर्यादाच नाही, असे लिहून ठेवतात. आय५-१२४००एफ असेल तर ६५ आणि ११७ हे इंटेलचेच आकडे भरावेत.

व्होल्टेज खाली आणणे

रायझन ५००० मालिकेपासून कर्व्ह ऑप्टिमायझर नावाची सोय आहे. तिच्यात व्होल्टेज बांधून दिले जात नाही; प्रोसेसर स्वतः जी मागणी करतो तिच्यातूनच थोडे वजा केले जाते, आणि म्हणूनच ती नवशिक्याला योग्य आहे. एक अंक म्हणजे साधारण तीन ते पाच मिलिव्होल्ट आणि जास्तीत जास्त उणे ३०पर्यंत जाता येते. सर्व कोअरसाठी 'निगेटिव्ह' निवडून १०पासून सुरुवात करावी, दोन-तीन दिवस रोजचे काम आणि खेळ करावा, मग १५. एका रात्रीत ३० टाकून पाहण्याचा मोह टाळावा.

इथली फसवी गोष्ट अशी, की दहा मिनिटांचे सिनेबेंच पार पडले म्हणजे सेटिंग पक्के झाले असे होत नाही. सगळे कोअर राबत असताना वेग कमी असतो. एकच कोअर सर्वोच्च वेगाला जातो तेव्हा, म्हणजे संगणक जवळजवळ रिकामा असताना, कमी केलेले व्होल्टेज अपुरे पडते. गेम बंद करून नुसते गाणे ऐकत बसलेले असताना संगणक अचानक पुन्हा सुरू झाला, तर संशय इथेच घ्यावा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये त्या वेळेला डब्ल्यूएचईए-लॉगर या नावाची, १८ क्रमांकाची नोंद सापडली तर संशय जवळजवळ पक्का होतो, आणि दोष कुठल्या कोअरचा याचा मागही त्याच नोंदीतून लागतो. कोअरसायकलर हा मोफत प्रोग्रॅम एकेक कोअर असा पारखून घेतो. तो रात्रभर चालू ठेवावा. एएमडीच्या रायझन मास्टर या प्रोग्रॅममध्ये ज्या कोअरवर ताऱ्याची खूण असते ते मुळातच कमी व्होल्टेजवर चालणारे असतात, त्यामुळे त्यांच्याकडून आणखी वजाबाकी सोसली जात नाही. माझ्याकडे दोन उत्तम कोअर उणे ५वर आणि उरलेले सहा उणे १५वर आहेत. वीजमर्यादा आणि ही वजाबाकी मिळून तापमान ७७ झाले आणि उतरलेले गुणही बहुतेक भरून निघाले.

सेटिंग चुकून संगणक सुरूच झाला नाही तर घाबरण्याचे कारण नाही. तार काढून मदरबोर्डवरची नाण्यासारखी सीआर२०३२ बॅटरी पाच मिनिटे बाहेर ठेवली, की बायोस मूळ स्थितीवर येतो.

दोन सावधगिऱ्या

वर मी व्होल्टेजला तापमानापेक्षा जास्त भ्यावे असे म्हटले, त्यामागे अलीकडची दोन ठोस उदाहरणे आहेत. एप्रिल २०२३ मध्ये एएम४नंतर आलेल्या एएम५ सॉकेटवरचे काही रायझन ७००० मालिकेतले प्रोसेसर जळाल्याचे प्रकार पुढे आले; त्यानंतर एएमडीने एसओसी व्होल्टेजवर, म्हणजे प्रोसेसरमधल्या मेमरी सांभाळणाऱ्या भागाला मिळणाऱ्या व्होल्टेजवर, १.३ व्होल्टची मर्यादा घातली. मेमरीचा वेग वाढवणारी एक्स्पो ही सेटिंग चालू केल्यावर मदरबोर्ड हेच व्होल्टेज वाढवतो, म्हणून एएम५च्या जुन्या बायोसवर एक्स्पो लावू नये. दुसरे उदाहरण इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांचे. मायक्रोकोडमधल्या, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या आज्ञावलीतल्या, चुकीमुळे ते गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते आणि त्याने कायमचे खराब होत होते, हे इंटेलने जुलै २०२४ मध्ये सांगितले. ऑगस्टमध्ये १.५५ व्होल्टची मर्यादा घालणारा ०एक्स१२९ आणि सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी हे मायक्रोकोड आले आणि हमी दोन वर्षांनी वाढवली गेली. असा प्रोसेसर असेल, विशेषतः तो वापरलेला घेतला असेल, तर बायोस अद्ययावत करून 'इंटेल डिफॉल्ट सेटिंग्ज' निवडणे हे या लेखातल्या इतर कुठल्याही कामाच्या आधी करावे. आधीच झालेली झीज मात्र नव्या मायक्रोकोडने भरून निघत नाही. असा प्रोसेसर हमीतून बदलूनच घ्यावा लागतो.

बायोस अद्ययावत करताना वीज गेली तर मदरबोर्ड मुका होऊ शकतो. त्यामुळे यूपीएस नसेल तर भारनियमनाच्या वेळेत किंवा वळिवाचे ढग दाटून आलेले असताना ते काम हाती घेऊ नये. आणि अद्ययावत झाल्यावर पीपीटी, कर्व्ह ऑप्टिमायझर, पंख्यांची चढण असे तुम्ही भरलेले सारे आकडे पुसले जातात. माझे आकडे मी तारखेसह, त्या दिवशीच्या खोलीच्या तापमानासह, एका कागदावर लिहून कॅबिनेटच्या आतल्या पत्र्याला चिकटवून ठेवले आहेत.